पाण्यातले देव

"हात लावशील तर बघ!" आत्या स्वयंपाकघरातूनच ओरडली.

मी हात लावलाच नव्हता. देवघरासमोर नुसती वाकले होते. तांब्याच्या पातेल्यात काठोकाठ पाणी आणि तळाशी आमचे देव: भवानीचा टाक, खंडोबा, जोतिबा, गणपती, सगळे आडवे. श्रावणापासून ते तसेच पडून होते. मला मेडिकलला जागा मिळावी म्हणून आत्यानं ते पाण्यात ठेवले होते, आणि मागणं पुरं होईस्तोवर त्यांना बाहेर काढायचं नाही असा दंडक होता.

"मी बघत होते गं नुसती."

"लांबून बघ. तुझ्यापायीच भिजतायत ते बिचारे."

आत्या म्हणजे अण्णांची थोरली बहीण, द्वारकाबाई. ऐन उमेदीत नवरा गेला, तेव्हापासून आमच्याकडेच. बार्शीच्या सरकारी दवाखान्यात ती सिस्टर होती आणि घरातही सिस्टरच होती. जेवण वेळेवर, औषध वेळेवर, रडणं बंद. देवांच्या बाबतीत तिचं म्हणणं असं, की पेशंट काय न् देव काय, जरा टोचल्याशिवाय हलत नाहीत.

आणि त्या मंगळवारी देव हलले होते. दुपारी तार आली. सोलापूरच्या मेडिकल कॉलेजात माझी जागा लागली होती, शुक्रवारी संध्याकाळच्या आत हजर व्हायचं होतं. आत्यानं तार वाचून शेजारणीला साखर नेऊन दिली, पण देव काही बाहेर काढले नाहीत.

"तारेवर माझा भरवसा नाही," ती म्हणाली. "कॉलेजातनं टीसी काढून आण. टीसी माझ्या हातात पडली की देव कोरडे करते."

पंचाईत तिथंच होती. शुक्रवारीच घटस्थापना. आमच्या घरात नवरात्राचा घट बसला नाही असं एकही वर्ष कुणाला आठवत नव्हतं. देव पाण्यात असताना घट मांडायचा कुणापुढं?

वाकून बघताना आणखी एक गोष्ट मला खटकली होती. आईची अन्नपूर्णा पातेल्यात दिसली नाही. बाळकृष्णही नाही. मुलगी सासरी निघाली की माहेरची माणसं तिच्याबरोबर हे दोन देव देतात, तसे आईनं आणलेले ते दोन. आमच्या देवघरात ते कायम एका कोपऱ्यात असायचे. म्हटलं, असतील टाकांच्या खाली कुठं तरी.

मी तेव्हा बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होते. बारावीला मेडिकल थोडक्यात हुकलं म्हणून बॉटनीकडे गेले. आत्यानं हट्ट धरून मला बारावीला पुन्हा बसवलं, मार्क वाढले, आणि नाव वेटिंग लिस्टवर लटकून राहिलं. आता ते वर सरकलं होतं, पण भलत्या जागेवर. त्या वर्षी मेडिकलच्या जागा वाढवल्या होत्या आणि वाढीव जागांविरुद्ध कुणीतरी कोर्टात गेलं होतं. पेपरात रोज त्याचं काही ना काही यायचं. निकाल उलटा लागला की माझ्यासारखे सगळे घरी.

बरं, इकडची दोरी धरून तिकडं जावं तर तेही नाही. टीसी घेतली की कॉलेजातलं नाव कमी. मग मार्चच्या परीक्षेला बसता येणार नाही आणि झालेली दोन वर्षं तशीच लोंबकळत राहणार.

रात्री जेवायला बसलो आणि अण्णांनी तोंड उघडलं. अण्णांचं शाळेचे गणवेश शिवायचं दुकान होतं. माणूस फार भित्रा.

"तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं असं व्हायचं, आक्का. आधी बीएस्सी होऊ दे. पहिला वर्ग मिळाला तर पुढल्या वर्षी पदवीधरांच्या जागांतनं मेडिकलला जाता येतं म्हणतात."

"म्हणतात!" आत्या उसळली. "किती असतात त्या जागा, माहितीये? बोटांवर मोजाव्यात एवढ्या. हातातली जागा टाकून पळत्याच्या पाठी लागायचं? दत्तू, तू आयुष्यभर गिऱ्हाइकाला माप एक इंच सैलच देत आलास. भीती, दुसरं काय!"

"पोरं वाढतात, म्हणून देतो सैल."

"मग हिलाही वाढू दे!"

आई भाकरी वाढत होती. आत्या तिच्याकडं वळली. "कौसल्या, तू का गप्प? बोल की."

"मी काय बोलणार, वन्सं."

आई कधीच काही बोलायची नाही. तिच्या शाळेची एक गोष्ट मामा हसत हसत सांगायचा. सातवीच्या परीक्षेला निघालेल्या आईला दारातनं परत बोलावलं, डोक्याला तेल लावलं, कारण अण्णांकडची माणसं तिला बघायला आली होती. पेपर राहिला आणि लग्न ठरलं. मामा हसायचा, आम्हीही हसायचो. आई तेवढी उठून पाणी आणायला जायची.

"तुम्हाला कुणाला कळायचं नाही," आत्या म्हणाली. तिनं घास खाली ठेवला. "उभा जन्म मी 'येस डॉक्टर, येस डॉक्टर' करत काढला. काल मिसरूड फुटलेल्या पोरांनासुद्धा. मला एकदा, मरायच्या आधी एकदा, आपल्या घरातल्या माणसाला ते म्हणायचंय. एवढंच मागितलं मी देवाकडं. जास्त आहे का?"

मला आत्याची दया आली आणि तिचा रागही आला. माझं काय चाललं होतं म्हणाल, तर काहीच नाही. आत्या बोलली की वाटायचं तिचं खरं. अण्णा बोलले की वाटायचं यांचंही खरं. मी पिठलं चाटत बसले होते. भूक मात्र लागली होती.

बुधवारी कॉलेजात गेले. बॉटनीचे गणोरे सर प्रयोगशाळेत मायक्रोस्कोपच्या काचा पुसत होते. रामलिंगच्या डोंगरावरची झाडं आम्ही दोघं वर्षभर गोळा करत होतो आणि अर्ध्याअधिकांची नावं लागली होती. सरांच्या कानावर बातमी आधीच गेली होती.

"अभिनंदन," ते म्हणाले, पण काचेवरची नजर काही काढली नाही. "टीसी एकदा लिहिली की परत खोडता येत नाही, एवढं लक्षात ठेव. वडिलांना घेऊन ये."

"सर, तुम्हाला काय वाटतं?"

"मला वाटून काय उपयोग? घरचे काय म्हणतात?"

"घरचे भांडतायत."

"मग त्यांचं मिटू दे," सर म्हणाले.

ऑफिसात कारकून तर कोरी टीसी समोर ठेवूनच बसला होता. "नशीब काढलंस, पोरी! लिहू का? उद्या अमावस्येची सुट्टी, शुक्रवारी सकाळी आठला ऑफिस उघडतं बघ. दहाच्या सोलापूर गाडीच्या आत तुझ्या हातात देतो." मी मान हलवली. ती हो म्हणून हलवली की नाही म्हणून, ते त्यालाही कळलं नसेल आणि मलाही.

घरी येताना प्रत्येक ओळखीचा माणूस थांबवत होता. वाण्यानं सांगितलं, जा. त्याच्या बायकोनं सांगितलं, बाई गं, कोर्टकचेरीची भानगड, नको जाऊ. अण्णांच्या दुकानातल्या कारागिरानंही शिलाईचं मशीन थांबवून सल्ला दिला. एवढ्या लोकांना माझी काळजी होती की मला माझी काळजी करायला जागाच उरली नव्हती.

गुरुवारी सर्वपित्री अमावस्या. घरात खिरीचा नि वड्यांचा घमघमाट. आईनं मला तीळ आणायला पाठवलं. तिळाचा डबा कोठीच्या खोलीत, ज्वारीच्या पिंपामागं. मी हात घातला तर बोटं पाण्यात बुडाली.

पितळेची खोलगट वाटी होती. तिच्यात अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण. पाणी ताजं होतं. म्हणजे ते रोज बदललं जात होतं.

मी ती वाटी बाहेर काढायला नको होती. पण काढली. तेवढ्यात आत्या दारात आली.

"हे काय?"

मी काही म्हणायच्या आत तिनं वाटीत डोकावून पाहिलं. तिचा चेहरा उतरला आणि मग लालबुंद झाला. "कौसल्या!"

आई कढईखालचा जाळ कमी करून आली. माझ्या हातातली वाटी बघून जागीच थांबली.

"माझ्या देवांच्या विरोधात तू तुझे देव घातलेस?" आत्या म्हणाली. तिचा आवाज चिरकला. "एका घरात? मी तिकडं भवानीला घालतेय गाऱ्हाणं की पोरगी जाऊ दे, आणि तू इकडं पिंपामागं बसून म्हणतेयस जाऊ नको? समोर बोलायची हिंमत नाही म्हणून ही चोरी?"

"तसं नाही, वन्सं."

"मग कसं? काय मागितलंस, सांग."

"मागणं सांगितलं की फळत नाही. तुम्हीच म्हणता ना."

"बघ दत्तू, बघ! तिळाची चोरी नाही, देवांची चोरी आहे ही!"

अण्णा सोवळं सांभाळत मधे उभे राहिले. "आक्का, आज पितरांचा दिवस आहे. वरून सगळे बघतायत."

"बघू देत. बाबांना कळू दे, सून काय करते ते."

आईनं माझ्या हातातली वाटी घेतली. तिनं ती होती तिथं, पिंपामागं, परत ठेवली आणि पदरानं बोटं पुसून कढईकडं गेली. वडे करपले होते. त्या दिवशी पितरांनी करपलेलेच वडे खाल्ले.

संध्याकाळी मी आईजवळ बसले. "आई, मी जाऊ नये म्हणून ठेवलेस का गं देव?"

आई निवडून झालेली नवरात्राची धान्यं सुपात पसरत होती. घटाच्या मातीत पेरायला गहू, जव, मूग. तिनं माझ्याकडं पाहिलं. काहीतरी बोलेल असं वाटलं. पण ती म्हणाली, "उद्या लवकर उठ. माती चाळायचीय."

मला तिचा भयंकर राग आला. आत्या निदान तोंडावर ओरडत तरी होती.

शुक्रवारी उजाडायच्या आत सगळे उठले आणि कुणी कुणाशी बोलेना. अण्णांनी कोनाडा धुतला, पत्रावळीवर चाळलेली माती पसरली. कुंभाराकडचा नवा घट आला होता. फुलांची माळ ओवून तयार होती. आत्यानं ठेवणीतलं पांढरं पातळ नेसलं होतं, सोलापूरला बरोबर येण्यासाठी रजा काढली होती. माझी पत्र्याची पेटी भरून दारात ठेवली होती. ती मी भरली नव्हती.

"आठ वाजत आले," आत्या म्हणाली. "चल, टीसी आणू. आल्यावर देव काढते, घट मांडून होईल, दहाची गाडी गाठू."

"आणि पिंपामागचे देव?" अण्णा म्हणाले. एवढ्या वर्षांत मी त्यांचा आवाज पहिल्यांदा चढलेला ऐकला. "ते कोण काढणार? अर्धे देव पाण्यात ठेवून घट मांडू? आईबापाच्या पुण्यतिथीला चुकलो असेन, पण नवरात्राला कधी चुकलो नाही. एका घरात दोन ठिकाणी देव पाण्यात! लोकांना कळलं तर शेण घालतील तोंडात."

"मला काय सांगतोस? तिला सांग," आत्या म्हणाली. मग आईसमोर जाऊन उभी राहिली. "कौसल्या, काढ ते देव. पाया पडते तुझ्या. पोरीच्या आड येऊ नकोस."

"माझं पुरं झालं की काढीन, वन्सं."

"काय पुरं व्हायचंय तुझं? तिची जागा गेली की पुरं? तिनं इथंच तुझ्यासारखं भाकरी थापत बसायचं, की पुरं?"

आईनं उत्तर दिलं नाही. खाली बसली होती, तशीच बसून राहिली. आत्याला दुसरं काही असतं तर पेललं असतं. हे गप्प बसणं तिला पेलत नव्हतं. ती गर्रकन माझ्याकडं वळली. डोळ्यांत पाणी, कपाळावर शीर ताठ.

"आणि तू गं? तीन दिवस खांबासारखी उभी आहेस! तू तरी बोल ना! तुला काय करायचंय? पमे, तुला काय पाहिजे?"

मी तोंड उघडलं आणि शब्दच सापडेना. मंगळवारपासून माझ्याबद्दल इतकं बोलणं झालं होतं, सरांचं, कारकुनाचं, वाण्याचं, आणि हा प्रश्न मला त्यातल्या कुणीच विचारला नव्हता. मीही मला विचारला नव्हता.

तेवढ्यात आई उठली. काही न बोलता कोठीच्या खोलीत गेली. वाटी घेऊन आली, अन्नपूर्णा बाहेर काढली, पदरानं नीट पुसली. मग बाळकृष्ण पुसला. दोघांना अण्णांच्या हातावर ठेवलं.

"घ्या. मांडा."

आत्या बघतच राहिली. "अगं, पण ती अजून बोललीच कुठं?"

"माझं मागणं तेवढंच होतं, वन्सं," आई म्हणाली. "हिला एकदा कुणीतरी विचारावं. आता ती काय म्हणायचं ते म्हणेल. त्यात मी नाही."

आत्या खालीच बसली. अण्णा हातातले देव घेऊन तसेच उभे. आईनं वाटीतलं पाणी तुळशीत ओतलं आणि येऊन माझ्या शेजारी उभी राहिली, पण माझ्याकडं पाहिलं नाही. सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते आणि पहिल्यांदाच खरोखर ऐकायला बघत होते.

"मला डॉक्टर व्हायचंय, आत्या," मी म्हणाले. "खरंच व्हायचंय. पण आज नाही जायचं. बीएस्सी पुरी करून जाईन."

"आणि नाही मिळाली जागा पुढल्या वर्षी?"

"तर नाही मिळाली."

"एवढं सोपं?"

"सोपं नाही. पण रोज सकाळी पेपरात कोर्टाचं काय झालं ते बघायचं आणि मग मुडदे कापायला जायचं, हे मला जमणार नाही. मी अर्धी इथं राहीन आणि अर्धी तिथं. मला सगळीच्या सगळी जायचंय."

दाराबाहेरनं कुणी तरी घटाची फुलं घेऊन ओरडत गेलं. मला वाटलं आता आत्या मला मारेल, नाही तर पेटी उचलून एकटीच सोलापूरला जाईल. ती उठली. देवघरासमोर बसली, बाह्या वर केल्या, दवाखान्यात करायची तशा. पातेल्यात हात घालून तिनं भवानीचा टाक काढला.

"आत्या, तुझं मागणं पुरं नाही झालं," मी म्हणाले.

"मला कळतंय काय झालं नि काय नाही!" ती खेकसली. डोळे घळाघळा वाहत होते आणि ती ते पुसतही नव्हती. टाक मात्र पुसत होती. "आई भवानी, चूक पदरात घे. आमच्या पोरीला अजून वेळ लागणार आहे." मग खंडोबा काढला, जोतिबा काढला. शेवटी गणपती माझ्या हातात देत नाक ओढून म्हणाली, "येस, डॉक्टर. घे, ठेव तिथं."

त्या वर्षीही घट बसला. दहाची गाडी गेली तेव्हा आम्ही आरती म्हणत होतो, आणि गाडीचा हॉर्न ऐकून आत्याचा आवाज कापला तो मी अजून विसरले नाही. तीन दिवस ती माझ्याशी बोलली नाही.

कोर्टाचा निकाल पुढं लागला आणि त्या वाढीव जागा टिकल्या. म्हणजे त्या शुक्रवारी मी गेले असते तरी काही बिघडलं नसतं. हे आत्यानं मला आयुष्यात किमान शंभरदा ऐकवलं. माझ्या दवाखान्याच्या पाटीवर एम.बी.बी.एस.च्या आधी बी.एस्सी. लिहिलेलं आहे. पेशंट विचारतात, बाई, हे आधीचं काय? मी म्हणते, ते महागातलं आहे.

पण हे सगळं नंतरचं. बीएस्सीचा निकाल लागला तेव्हा जून होता. पहिला वर्ग मिळाला, पदवीधरांच्या जागेसाठी अर्ज गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी आत्यानं तांब्याचं पातेलं घासून लख्ख केलं, काठोकाठ पाणी भरलं आणि भवानीचा टाक हातात घेऊन तशीच थांबली. आई दारात उभी होती.

"पमे," आत्या म्हणाली, "ठेवू ना गं?"

मी म्हटलं, "ठेव."